ताई, माझ्या बंडखोरांना बंडच करायचं नाहीये

पत्र

ताई, मी पुण्याचा, वय 24, दीड वर्ष झालं डीएम आहे, म्हणजे डंजन मास्टर, गोष्ट रचून गेम चालवणारा. आमचा पाच जणांचा ग्रुप दर रविवारी दुपारी माझ्या घरी डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळतो, टेबलाभोवती बसून आपापलं कॅरॅक्टर घेऊन, बोलून आणि डाइस टाकून खेळायचा गोष्टींचा गेम, फिफ्थ एडिशन. गुहा, ड्रॅगन, खजिना करून सगळे कंटाळले म्हणून मी स्वतः कॅम्पेन, म्हणजे बरेच रविवार चालणारी गोष्ट, लिहिलं. अर्दाल नावाचं शहर, तिथे 'पालक मंडळ' ही जुलमी राजवट, त्यांचे गुप्त पोलीस म्हणजे राखाडी डगले, आणि प्लेअर्स बंडखोर. हेरगिरी, खोटी ओळख, कारस्थानं होतील असं वाटलेलं. 40 पानं लिहून ठेवलीत. प्रत्यक्षात मागच्या रविवारी एका गोदामाच्या दारात उभं राहून अडीच तास नुसतं प्लॅनिंग झालं आणि आत कोणी गेलंच नाही. मंडळाकडे मन वाचणारे जादूगार आहेत, त्यामुळे यांनी प्लॅन केला तरी तो कळतोच, मी सगळं रिअ‍ॅलिस्टिक ठेवलंय. बार्बेरियनवाला (रागानं तुटून पडणारा योद्धा खेळणारा) मित्र बोअर होऊन दिसेल त्या शिपायाला कापतो. आणि आता रोगवाली (rogue, म्हणजे लपूनछपून काम करणारं चोर कॅरॅक्टर खेळणारी) मैत्रीण मला बाजूला घेऊन म्हणाली की तिला गुपचूप राखाडी डगल्यांची खबरी व्हायचंय, बाकीच्यांना सांगायचं नाही. हो म्हणू का? आणि कॅम्पेन बंद करू का?
— वैतागलेला डीएम

उत्तर

अरे वैतागलेल्या,

आधी एक कबूल करते, 'रोगवाली मैत्रीण' वाचून मला क्षणभर वाटलं हे पत्र आरोग्य सदराचं असून चुकून माझ्याकडे आलंय. आणि 'पालक मंडळ' वाचून शाळेतल्या पालक सभा आठवल्या. पण ते नाव बदलू नको हं, मस्त आहे ते, जुलमी माणसं स्वतःला जुलमी थोडीच म्हणवतात, ती कायम कोणाची तरी काळजीच घेत असतात.

कॅम्पेन बंद करू नको. तुझ्या प्लेअर्सचं काही चुकत नाहीये, बार्बेरियनवाल्याचंसुद्धा नाही, त्याच्याकडे येते मी. गोची तुझ्याच एका वाक्यात आहे, 'यांनी प्लॅन केला तरी तो कळतोच'. कळतो म्हणजे कसा कळतो? कुणाला कळतो? कुणी सांगितलं त्याला? तू म्हणशील मन वाचणाऱ्या जादूगारानं. बरं, तो त्या दिवशी नेमका तिथे काय करत होता? तुला उत्तर माहीत नाही, कारण खरं उत्तर हे आहे की तुला कळलं. तू टेबलाच्या टोकाला बसून सगळा प्लॅन ऐकलास आणि तुला माहीत आहे म्हणून मंडळालाही माहीत झालं. याला रिअ‍ॅलिस्टिक नाही म्हणत राजा, हे डीएमचे कान राजवटीला उसने देणं झालं.

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण मी हेच केलंय. सात-आठ वर्षांपूर्वी माझंही असंच एक कॅम्पेन होतं, सम्राज्ञी, तिचे हेर, भिंतींना कान, मला स्वतःलाच जाम भारी वाटायचं की बघा काय भयानक राजवट उभी केलीये. चौथ्या सेशनला प्लेअर्सनी पाणक्यांचे वेष घेऊन किल्ल्यात शिरायचं ठरवलं, मी दारातच त्यांना पकडलं, हेरांना आधीच खबर होती म्हणून. एक जण शांतपणे म्हणाला, "मग आम्ही काहीही केलं तरी सेमच ना?" आणि डाइस खिशात टाकले. भांडला असता तरी चाललं असतं. पुढच्या रविवारी तिघांना अचानक घरचं काम निघालं.

तुझे लोक गोदामाच्या दारात अडीच तास उभे राहिले ना, ते याच्यामुळेच. ते भित्रे नाहीत, त्यांनी हिशोब केलाय. ज्या गेममध्ये एकही चूक परवडत नाही तिथे माणूस बिनचूक प्लॅन होईपर्यंत हलत नाही, आणि बिनचूक प्लॅन तर नसतोच.

आता खरीखुरी राजवट बघ. पूर्व जर्मनीचं गुप्त पोलीस खातं, स्टासी. 1989 साली त्यांच्याकडे साधारण 91,000 पगारी माणसं होती आणि देशाची लोकसंख्या होती फक्त 1 कोटी 60 लाखांच्या आसपास, खबरे वेगळेच, तेही लाखाच्या वर. म्हणजे तुझे राखाडी डगले यांच्यापुढे बालवाडी. तरी त्याच वर्षी नोव्हेंबरात बर्लिनची भिंत पडली. का, तर त्यांना सगळं 'माहीत' होतं, म्हणजे फायलीत होतं! 111 किलोमीटर लांब होईल एवढा कागद साठला होता. कागदात असणं आणि योग्य माणसाला योग्य वेळी कळणं यात जे अंतर आहे ना, तुझं अख्खं कॅम्पेन त्या अंतरात घडायला पाहिजे. शेवटी शेवटी तर हेच लोक बसून फायली फाडत होते, फाडलेल्या कागदांची हजारो पोती मिळाली नंतर आणि ते तुकडे जुळवायचं काम वर्षानुवर्षं चाललं. (हे तर आयतं सेशन आहे, एक पत्र लिही, फाड, अर्धे तुकडे टेबलावर टाक आणि अर्धे दुसऱ्या कोणाकडे तरी आहेत म्हणून सांग. मी केलंय, चाळीस मिनिटं कोणी मोबाईल हातात घेतला नाही.)

तर एक वही कर. वहीवर नाव लिही 'कुणी सांगितलं'. मंडळाला प्लेअर्सबद्दल जी जी गोष्ट कळेल तिच्यासाठी एक ओळ, कोणी पाहिलं, त्यानं कोणाला सांगितलं, सांगून त्याला काय मिळालं, आणि वर पोचायला किती दिवस लागले. ओळ भरता आली नाही तर मंडळाला ते कळलेलं नाही, विषय संपला. ही वही तू प्लेअर्सपासून लपवायची, पण तिच्यातली माणसं लपवायची नाहीत, ती रस्त्यात भेटली पाहिजेत. कोपऱ्यावरची भजीवाली सांगते कारण तिचा पोरगा तुरुंगात आहे. नाक्यावरचा हवालदार सांगत नाही कारण चार महिने पगार नाही. मग काय होतं माहितीये का, प्लेअर्सना कळतं की खबर ही एक वाट आहे, आणि वाट अडवता येते, वळवता येते, तिच्यावर खोटं सोडता येतं. कारस्थान तिथून सुरू होतं, तुझ्या 40 पानांतून नाही.

मग जादूगारांचं काय? नियमांचं पुस्तक काढ जरा. डिटेक्ट थॉट्स, म्हणजे मन वाचायचा स्पेल (मंत्र), 30 फुटांच्या आत, जास्तीत जास्त एक मिनिट, ते पण कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे लक्ष मोडलं की संपला, आणि फुकट मिळतात ते फक्त वरवरचे विचार. खोल शिरायला गेला की समोरच्याला कळतं कोणीतरी डोक्यात खणतंय, आणि त्याचा विस्डम सेव्ह (प्रतिकाराचा रोल) झाला तर स्पेल तिथेच संपतो. आता तिसऱ्या लेव्हलचा विझर्ड, म्हणजे जादूगार, घे, हा स्पेल दिवसाला दोनदा टाकण्यापुरते दुसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोन, विश्रांती घेऊन परत मिळणारा (आर्केन रिकव्हरी) धरून तीन. मंडळाकडे असे दहा विझर्ड असले तरी अख्ख्या शहरासाठी दिवसाला झाली तीस मिनिटं. तीस मिनिटं! आता विचार कर, ती कोणावर खर्च होतील. मंडळाचा प्रमुख, महापालक म्हणू त्याला, ती बंडखोरांवर घालवेल असं वाटतं तुला? तो आधी आपल्याच मंत्र्यांची डोकी वाचेल ना. आणि हे मंत्र्यांना माहीत आहे. आणि त्यांना ते आवडत नाही. झालं की तुझं राजकारण तयार.

स्पीक विथ डेड, मेलेल्याशी बोलायचा स्पेल, तर त्याहून गमतीचा. एका प्रेताला पाच प्रश्न, आणि त्याच प्रेताला पुन्हा विचारायचं तर मधे दहा दिवस जावे लागतात. म्हणजे राखाडी डगले पोचायच्या आत तुमच्या क्लेरिकनं (देवाच्या नावानं जादू करणाऱ्यानं) जाऊन मेलेल्या साथीदाराला पाच फालतू प्रश्न विचारले, आज वार कोणता, तुला बेसन आवडायचं का, की मंडळ दहा दिवस गप्प! माझ्या टेबलावर एकीनं हे केलं होतं, चौथ्या प्रश्नाला सगळे हसत होते आणि पाचव्याला तिनं विचारलं, "दुखलं का रे फार?" मग कोणी हसलं नाही. हे मी लिहिलेलं नव्हतं, स्पेलच्या मर्यादेतून आपोआप आलं. झोन ऑफ ट्रुथ या स्पेलमध्ये अडकलेल्याला खोटं बोलता येत नाही पण गप्प बसता येतं, उत्तर टाळता येतं, मग चौकशीचा सीन म्हणजे उखाण्यासारखा होतो, नाव घ्यायचं पण सांगायचं काहीच नाही.

जुलूम दाखवण्याबद्दल थोडं. तू पत्रात लिहिलं नाहीस पण मला अंदाज आहे, दर सेशनला चौकात फाशी असणार, काळा बुरूज असणार, किंकाळ्या असणार. दोनदा चालतं ते, तिसऱ्यांदा पडदा होतो नाटकातला. माणसाला खरा राग येतो तो लहान गोष्टीचा. गोव्यात सालाझारच्या काळात छापायची प्रत्येक गोष्ट सेन्सॉरकडे जायची, अगदी लग्नाची पत्रिकासुद्धा. पत्रिका रे! आजोबांचं नाव, मुहूर्त, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं', यावर एका साहेबाचा शिक्का. हे मी जसंच्या तसं उचललं होतं माझ्या दुसऱ्या कॅम्पेनमध्ये. प्लेअर्सना एका एनपीसी (डीएम चालवतो ते पात्र) बाईच्या लग्नाची पत्रिका मंजूर करून आणायची होती, एवढंच काम. खिडकीमागे एक कारकून, दमलेला, शाईनं बोटं जांभळी झालेली, तो पत्रिका वाचतो आणि म्हणतो की 'सर्व आप्तेष्ट' चालणार नाही, सर्व म्हणजे किती ते लिहा, वीसच्या वर माणसं म्हणजे सभा. बार्डवाली (गाणारं-बोलणारं कॅरॅक्टर खेळणारी) पोरगी वीस मिनिटं त्याच्याशी घासाघीस करत होती, आत्या धरायची की नाही, आत्येचा नवरा धरायचा की नाही. सगळे खदखदून हसत होते आणि सेशन संपल्यावर एक जण म्हणाला, ताई, त्या खिडकीला आग लावायचीये मला. सतरा फाश्यांनी जे झालं नव्हतं ते त्या खिडकीनं केलं. आणि बघ, तो कारकून पुढे त्यांचा सगळ्यात मोठा माणूस झाला आतला, कारण दहाव्या खेपेला त्यांनी त्याला विचारलं की तुझ्या मुलीच्या पत्रिकेवर कोण शिक्का मारणार.

प्लॅनिंगवर मात्र सरळ टायमर लाव. पंधरा मिनिटं, मोबाईलवर, सगळ्यांसमोर. वाजला की तू म्हणायचं, "ओके, तुम्ही आत आहात, गोदामात अंधार आहे, गुळाचा वास येतोय," आणि सुरू. ते ओरडतील. मग प्रत्येकाला एक नाणं दे, साधं रुपयाचं, त्याचा अर्थ 'हे मी आधीच करून ठेवलं होतं'. पहारेकरी दिसला की कोणीतरी नाणं टाकतो, म्हणतो याला मी काल दारू पाजली होती, तू मागे जाऊन तो सीन एका रोलवर खेळून घ्यायचा, जमलं तर जमलं. ही आयडिया माझी नाही, दुसऱ्या गेम्समध्ये असते, मी फक्त रुपया आणला. आणि नाक्यांसाठी एक नियम ठेव: एकाच नाक्यावरून प्लेअर्स कुठलाही लोचा न करता गेले की पुढच्या वेळी तिथला डीसी, म्हणजे डाइसवर गाठायचा आकडा, दोननं कमी. आग्र्याचे पेटारे आठव, चौथीच्या पुस्तकात वाचलेत आपण सगळ्यांनी, पहिले काही दिवस पहारेकरी उघडून बघायचे मग नुसतं जा म्हणायला लागले. पहारेकऱ्याचा कंटाळा हेच हत्यार होतं तिथे. हा नियम कळला की तुझे प्लेअर्स तीन सेशन इमानदारीत भाजी वाहतील बघ, आणि मजेत वाहतील.

त्याच जोडीला संशयाचं घड्याळ, एक गोल काढायचा, सहा घरं, टेबलाच्या मधोमध. गडबड झाली की एक घर रंगवायचं, सहा भरली की धाड. उघडं ठेव ते, लपवू नको, कारण मग दोन घरं भरलेली असताना त्यांना दिसतं की अजून चार चुका परवडतील, आणि चार चुका परवडतात म्हटल्यावर माणूस दार उघडतो.

आता तुझा बार्बेरियन. त्याला दोष देऊ नको, त्याच्या कॅरॅक्टर शीटवर एकच गोष्ट चांगली येते आणि तू तिला अडीच तास दारात उभं केलंस. पण शिपाई कापला की काही झालं पाहिजे, आणि ते त्याच्या अंगावर येऊन उपयोग नाही, तो आणखी चार कापेल. गल्लीवर येऊ दे. 1942 च्या आंदोलनात इंग्रजांनी अख्ख्या गावांवर सामूहिक दंड बसवले होते, तसा दंड बसव त्या आळीवर, मग ज्या म्हातारीनं यांना लपवलं होतं ती दार लावून घेईल, शिव्या पण देणार नाही. एवढं पुरतं. आणि दुसरीकडे त्याला खरंच मारामारी मिळेल असं काम दे. 1943 च्या जून महिन्यात साताऱ्याकडे शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या लोकांनी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली, 7 तारखेला. तसलं काहीतरी, पगार घेऊन चाललेली गाडी, घाटातला रस्ता, दगड, दोर, रेज (बार्बेरियनचा तो संताप). तीन सेशनात एकदा असं दिलंस की मधले दोन तो शहाण्यासारखा बसतो.

प्रतिसरकार निघालंच आहे तर एक सांगते, ते नुसतं लुटालुटीचं प्रकरण नव्हतं. नाना पाटलांचे लोक गावोगावी न्यायनिवाडे करायचे, लोक इंग्रजांच्या कोर्टात न जाता यांच्याकडे यायचे, म्हणून तर सरकार म्हणायचे त्याला. तुझ्या कॅम्पेनचा मधला भाग हा असू दे. एक दिवस दोन शेजारी बांधाचं भांडण घेऊन प्लेअर्सकडे आले पाहिजेत. आता तुम्ही सांगा कोणाचं खरं. आणि त्यातला एक जण तुमच्या बंडाला पैसे देणारा सावकार असू दे. माझ्या टेबलावर या एका भांडणावर इतका वाद झाला की लढाई राहून गेली, आणि पॅलाडिनवाला (धर्मनिष्ठ योद्धा खेळणारा) घरी जाताना जिन्यात पण तेच बोलत होता.

राहिली रोगवाली मैत्रीण. नाही म्हण. म्हणजे ती जसं मागतेय तसं नाही म्हण. मला माहितीये तुला आतून गुदगुल्या होतायत, फितुरीसारखं नाट्य नाही, आपल्याकडे तर शाळेपासून प्रत्येक पराभवाला एक फितूर लागतो. आणि खऱ्या चळवळीतही झालंय, 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, जागा बदलत बदलत साधारण तीन महिने, आणि 12 नोव्हेंबरला पकडले गेले ते आतल्याच टेक्निशियननं पत्ता सांगितल्यावर. पण तो टेक्निशियन दर रविवारी त्यांच्यासोबत समोसे खात सहा तास बसत नव्हता रे. बाकीचे सहा महिने जीव लावून खेळणार आणि मग कळणार की ती आणि डीएम मिळून आपल्याला बनवत होते. 'गेममध्येच होतं ना' म्हणून ते सुटत नाही, मी अशी दोन टेबलं मोडलेली बघितलीत, त्यातल्या एकावर लग्न ठरलेलं जोडपं होतं, पुढचं सांगत नाही.

तिला हे विचार: कॅरॅक्टर्सना माहीत नाही पण प्लेअर्सना माहीत आहे, असं चालेल का तुला? बऱ्याचदा लोक हो म्हणतात आणि ते जास्त मजेचं निघतं. सगळ्यांना माहीत आहे ती खबरी आहे, आणि तरी पॅलाडिन तिला म्हणतो, तुझ्यावर माझा सगळ्यात जास्त विश्वास आहे, आणि टेबलावर सगळे 'अरे नको ना' करून ओरडतात. आणि ती खबरी का झाली हे पण वहीत लिहायला लाव तिलाच, धाकटा भाऊ, कर्ज, काय असेल ते. मग तिला दर सेशनला ठरवायचं असतं की आज काय सांगू आणि काय गिळू. ती नको म्हणाली, मला गुपितच पाहिजे, तर तिला म्हण चहा घे आणि विषय बदल.

हे सगळं बोलायला एक सेशन डाइसशिवाय बसा. चौकशी, छळ, तुरुंग अशा गोष्टी येणार म्हणजे कोणाला काय टेबलावर नकोच आहे आणि कोणासाठी काय दाराआड झालेलं चालेल हे विचारून घे, प्रत्येकाच्या घरात काही ना काही असतं जे तुला माहीत नसतं. अर्धा तास लागतो. लाजू नको.

आणि त्या गोदामाचं काय करायचं? सोड ते. पुढच्या रविवारी सांग की त्या रात्री कोणी आत गेलं नाही, सकाळ झाली, घरी गेले, आणि दारात एक मुलगी उभी आहे, हातात न छापलेली लग्नपत्रिका, उद्या शिक्क्याची शेवटची तारीख. पत्रिका खरीच लिहून ने, जाड कागदावर, हळद-कुंकू लाव कोपऱ्याला, आणि पाहुण्यांची संख्या लिहायची जागा मोकळी ठेव. पेन त्यांच्याकडे दे.

— ताई